'टॉय स्टोरी २' डिलीट झाला तेव्हा टेपवर बॅकअप होता, पण ४ जीबीने घोळ घातला

साल १९९८. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २'चं काम जोरात सुरू होतं. तांत्रिक टीममधले ऑरेन जेकब आणि त्यांचे सहकारी कॉम्प्युटरवर वुडीच्या फायली बघत बसले होते. बघता बघता वुडीची टोपी गायब झाली. मग बूट गेले. थोड्या वेळाने अख्खा वुडीच दिसेना.

झालं असं होतं की पिक्सारमधल्याच कुणीतरी सर्व्हरवर एक कमांड चालवली होती. युनिक्स कॉम्प्युटरवर 'आरएम' नावाची कमांड असते. ती विशिष्ट पद्धतीने दिली की 'इथून खाली जे काही आहे ते सगळं पुसून टाक आणि मध्ये काही विचारू नकोस' असा तिचा अर्थ होतो. विंडोजसारखी रिसायकल बिनची सोय तिथे नसते. जेकब यांनी घाईघाईने सर्व्हर सांभाळणाऱ्यांना फोन केला आणि मशिनचा प्लगच उपटायला सांगितलं. तोपर्यंत पिक्चरचा जवळपास ९० टक्के भाग गेला होता.

तरीही फारसं कुणी घाबरलं नाही. एवढी मोठी कंपनी म्हटल्यावर टेपवर बॅकअप होताच. टेपवरून डेटा परत आणला गेला, मंडळी कामाला लागली. काही दिवस गेले आणि मग चमत्कारिक गोष्टी दिसू लागल्या. इथली फाईल नाही, तिथला सीन अर्धवट. जो बॅकअप परत आणला होता तोच गळका निघाला.

जेकब यांनी पुढे हा किस्सा सांगितला तेव्हा त्याचं कारणही सांगितलं. टेपवर जाणारी बॅकअपची फाईल ४ जीबीला पोचली होती आणि त्यापेक्षा मोठी फाईल त्या व्यवस्थेला चालत नव्हती. नवीन डेटा लिहिला जात होता, जुना बाहेर ढकलला जात होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता प्रश्न असा पडतो की टेप ४ जीबीला अडली कशी? बरोबर तोच आकडा आज तुमच्या पेनड्राइव्हमध्येही का अडवतो? ६४ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ६ जीबीचा पिक्चर टाकायला गेलं की 'फाईल फार मोठी आहे' असा मेसेज येतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

टेपला फाईलचा आकार कळतच नाही

ज्यांनी घरी टेपरेकॉर्डर बघितलाय त्यांना हे पटकन कळेल. कॅसेटवर गाणं रेकॉर्ड करताना कॅसेटला आधी कुणी सांगत नाही की हे गाणं चार मिनिटांचं आहे. फीत फिरत राहते, आवाज उतरत राहतो, गाणं संपलं की थोडी मोकळी जागा आणि मग पुढचं गाणं.

कॉम्प्युटरची बॅकअप टेपही जवळपास अशीच चालते. बॅकअपचा प्रोग्राम डेटाचे ठोकळे एकामागून एक ड्राइव्हकडे पाठवतो, ड्राइव्ह ते फितीवर लिहीत जातो. सगळं लिहून झालं की फितीवर एक खूण मारली जाते, 'इथे फाईल संपली' अशी. बस. फाईल दहा केबीची होती की दहा टीबीची, हे ड्राइव्हला विचारायची गरजच पडत नाही. एकच फाईल अख्खी कॅसेट भरून टाकू शकते, आणि प्रोग्रामला जमत असेल तर पुढच्या कॅसेटवरही चालू राहू शकते.

आणि कॅसेट म्हणजे काही छोटी वस्तू नाही. सध्या जगभर एलटीओ नावाच्या प्रकारातली टेप वापरली जाते. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या एका कॅसेटमध्ये १०० जीबी मावायचे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या कॅसेटमध्ये १८ टीबी मावतात. हाताच्या पंजात बसणाऱ्या त्या डबीत अर्धा इंच रुंदीची एक किलोमीटरहून जास्त लांब फीत गुंडाळलेली असते. सेकंदाला ४०० एमबी या वेगाने लिहीत राहिलं तरी ती भरायला साडेबारा तास लागतात.

म्हणजे फितीकडून अडवणूक नाही. ती होते फितीवर लिहिणाऱ्या प्रोग्रामकडून.

बँकेच्या फॉर्ममधले चौकोन

बँकेच्या फॉर्मवर मोबाइल नंबरसाठी दहा चौकोन छापलेले असतात. उद्या सरकारने अकरा आकडी नंबर सुरू केले तर शेवटचा आकडा लिहायचा कुठे? नंबर चुकीचा नसतो, फॉर्म अपुरा असतो.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फाईलसोबत तिचा आकार कुठेतरी लिहावा लागतो. त्यासाठी प्रोग्राम बनवणाऱ्याने आधीच ठरावीक चौकोन राखून ठेवलेले असतात. बरीच वर्षं ही संख्या ३२ होती, कारण तेव्हाचे बहुतेक प्रोसेसर एका वेळी ३२ बिटचा आकडा हाताळायचे. प्रत्येक चौकोनात फक्त ० किंवा १. असे ३२ चौकोन भरून जास्तीत जास्त जो आकडा लिहिता येतो तो आहे ४,२९,४९,६७,२९५. इतके बाइट म्हणजे ४ जीबीला फक्त एक बाइट कमी. पेनड्राइव्हवर असणाऱ्या फॅट३२ या पद्धतीत फाईलच्या आकारासाठी एवढेच चौकोन आहेत. पेनड्राइव्हमध्ये जागा पडून असली तरी एवढ्यापुढचा आकडा लिहायची सोय त्यात नाही.

काही प्रोग्राममध्ये ३२ पैकी एक चौकोन अधिक-उणे चिन्हासाठी जातो. मग मर्यादा निम्म्यावर येते, २,१४,७४,८३,६४७. म्हणजे २ जीबी. हा आकडा ओळखीचा वाटत असेल तर त्याचं कारण 'गंगनम स्टाईल'. डिसेंबर २०१४ मध्ये त्या गाण्याचे यूट्यूबवरचे व्ह्यूज याच आकड्याच्या पुढे गेले. यूट्यूबचा काउंटरही ३२ चौकोनांचा होता. कंपनीने तो ६४ चौकोनांचा केला. आता तिथे साधारण ९२ हजार कोटी कोटी व्ह्यूज मावतील, त्यामुळे सध्या तरी काळजी नाही.

मग सुरुवातीलाच जास्त चौकोन का नाही ठेवले? तर १९८० साली सीगेट कंपनीने छोट्या कॉम्प्युटरसाठी आणलेली हार्ड डिस्क ५ एमबीची होती. आज व्हॉट्सॲपवर आलेला 'गुड मॉर्निंग'चा एखादा व्हिडिओ तिच्यात मावणार नाही. अशा काळात ४ जीबीची एक फाईल कुणी कशाला बनवेल? चौकोन वाढवायचे म्हणजे प्रत्येक फाईलमागे थोडी जागा वाया, आणि जागा तेव्हा सोन्याच्या भावाची होती. त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी तेव्हाच्या गरजेच्या कित्येक पट मोठा आकडा धरला होता.

टार म्हणजे टेप आर्काइव्ह

टेपवर बॅकअप घ्यायचा सगळ्यात प्रसिद्ध प्रोग्राम म्हणजे 'टार'. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो आला. नावातच टेप आहे, टेप आर्काइव्हचं ते छोटं रूप. आज इंटरनेटवरून लिनक्सचं काहीही उतरवून घेतलं की ज्या टार फायली येतात, त्या मुळात टेपसाठी बनलेल्या आहेत. टेप ड्राइव्ह कधी न पाहिलेली मुलंही रोज टेपचाच फॉर्म भरत असतात.

टार काय करतो? प्रत्येक फाईल टेपवर लिहिण्याआधी तो ५१२ बाइटचं एक लेबल लिहितो. गोडाऊनमधल्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवावी तसं. त्यात फाईलचं नाव, मालक, तारीख आणि आकार असतो. नावाला १०० जागा, आकाराला १२ जागा.

इथे एक गंमत आहे. टार आकाराचा आकडा ०-१ च्या भाषेत न लिहिता माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत लिहितो, कारण तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर आकडे वेगवेगळ्या क्रमाने साठवायचे. एकाने लिहिलेली टेप दुसऱ्याला उलटी दिसू नये म्हणून अक्षरं बरी. फक्त हे आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीतले नसून अष्टमान पद्धतीतले असतात, ज्यात ० ते ७ एवढेच अंक. बारापैकी एक जागा आकडा संपल्याची खूण करायला जाते. उरल्या अकरा. त्या सगळ्यात ७ भरले की होतात ८,५८,९९,३४,५९१ बाइट. म्हणजे ८ जीबी, त्यातही एक बाइट कमी.

म्हणून जुन्या टारची मर्यादा ८ जीबी. त्याचाच भाऊबंद असलेला 'सीपीआयओ' नावाचा प्रोग्राम आहे. त्याच्या एका रूपात ही मर्यादा ८ जीबी, तर त्यानंतर आलेल्या रूपात ४ जीबी. नवं रूप जुन्यापेक्षा तोकडं निघालं. तरीही लिनक्स सुरू होताना लागणाऱ्या फायलींचं गाठोडं आजही याच नव्या रूपात बांधलं जातं, कारण ते गाठोडं तेवढं मोठं नसतं.

आणि या मर्यादा एकट्यादुकट्या येत नाहीत. टार ८ जीबी घेईल, पण तो ज्या सिस्टीमवर चालतोय ती २ जीबीपुढची फाईल उघडूच देत नसेल तर? १९९० च्या दशकात हीच अडचण होती, आणि १९९६ च्या सुमारास युनिक्स बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून मोठ्या फायली हाताळायची समान पद्धत ठरवली. त्याशिवाय सिस्टीम सांभाळणारा माणूस प्रत्येक युजरसाठी वेगळी मर्यादाही लावू शकतो. आयबीएमच्या एआयएक्स या सिस्टीममध्ये ती मुळातच १ जीबीच्या आसपास लावलेली असायची. महामार्ग आठपदरी असला तरी मध्ये एक अरुंद पूल असला की सगळी वाहतूक त्या पुलाच्या हिशेबानेच चालते, त्यातला प्रकार.

मर्यादा ओलांडली की होतं काय?

खरा धोका इथे आहे. प्रोग्रामने सरळ 'नाही जमणार' म्हणून थांबावं, हे सगळ्यात चांगलं. माणूस चिडतो पण सावध होतो. पेनड्राइव्ह हेच करतो.

दुसरा प्रकार म्हणजे मोठी फाईल वगळून पुढे जाणं. रात्री दोन वाजता बॅकअप सुरू झाला, हजारो फायली नीट लिहिल्या, मध्ये एक मोठी फाईल आली. 'ही फार मोठी आहे' अशी एक ओळ लॉगमध्ये पडली आणि काम पुढे सरकलं. सकाळी येणारा माणूस 'बॅकअप पूर्ण' एवढं बघून चहाला जातो. वगळली गेलेली फाईल मात्र नेमकी सगळ्यात महत्त्वाची असण्याची शक्यता जास्त, कारण मोठ्या फायली म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचा डेटाबेस किंवा एखाद्या सर्व्हरची अख्खी प्रतिमा.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. जुन्या बजाज चेतकचा किलोमीटरचा मीटर ९९९९९ झाला की पुन्हा ००००० वर यायचा, तसा आकडा फिरून शून्यावर येणं. याचं एक निरुपद्रवी उदाहरण 'जीझिप' या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं आहे. मूळ फाईल केवढी होती हे लिहायला त्यात ३२ चौकोन आहेत. ५ जीबीची फाईल दाबली आणि जीझिपच्या जुन्या आवृत्तीला विचारलं, तर ती मूळ फाईल १ जीबीची होती असं शांतपणे सांगते. फाईल शाबूत असते, फक्त आकडा खोटा. पण त्या आकड्यावर विसंबून दुसरा एखादा प्रोग्राम जागा राखत असेल तर पुढे घोटाळा ठरलेला.

पिक्सारमध्ये तर कहर झाला होता. काहीतरी बिघडतंय हे सांगणारी लॉगची फाईल होती, पण ती ठेवली होती त्याच भरलेल्या ड्राइव्हवर. जागाच नसल्यामुळे तिच्यात एकही ओळ लिहिली गेली नाही. लॉगचा आकार शून्य बाइट. बघणाऱ्याला वाटणार, चूकच नाही. घराला आग लागली तर कळवायला ठेवलेला फोन त्याच घरात होता.

मग पिक्चर वाचला कसा?

गॅलिन सुसमन यांच्यामुळे. त्या या पिक्चरच्या सुपरवायझिंग टेक्निकल डायरेक्टर होत्या. नुकतंच बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करायच्या, आणि त्यासाठी पिक्चरची एक प्रत अधूनमधून त्यांच्या घरच्या मशिनवर जायची. मीटिंगमध्ये सगळे डोकं धरून बसलेले असताना त्यांना हे आठवलं.

जेकब आणि सुसमन गाडी घेऊन घरी गेले. मशीन ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून हळूहळू ऑफिसला आणलं. पार्किंगमध्ये आठ माणसं प्लायवूडची फळी घेऊन उभी होती. त्यावर ठेवून पालखीसारखं ते मशीन आत नेलं. ती प्रत काही दिवस जुनी होती, तरी टेपच्या बॅकअपपेक्षा कितीतरी बरी. ती, टेपवरचं आणि लोकांच्या मशिनवर उरलेलं, असं सगळं जुळवताना सुमारे ३० हजार फायली माणसांना स्वतः तपासाव्या लागल्या. हे सगळं नव्याने बनवायचं झालं असतं तर तीस माणसांना वर्षभर लागलं असतं, असा अंदाज पिक्सारचे एड कॅटमल यांनी पुढे आपल्या पुस्तकात दिला.

डिलीट कुणी केलं याचा शोध घेण्यात पिक्सारने वेळ घालवला नाही. पुढची गंमत म्हणजे कथाच पसंत न पडल्यामुळे काही महिन्यांत पिक्चरचा मोठा भाग कंपनीने स्वतःहून नव्याने बनवला. नोव्हेंबर १९९९ मध्ये जो प्रदर्शित झाला तो हा नवा पिक्चर.

आज काय परिस्थिती आहे?

चौकोनांचा प्रश्न कागदावर सुटला आहे. २००१ मध्ये 'पॅक्स' नावाची सुधारित पद्धत आली. तिच्यात जुन्या लेबलच्या आधी एक जादा चिठ्ठी जोडतात आणि आकार त्या चिठ्ठीवर हवा तेवढा लांब लिहितात. लिनक्सवरच्या टारने आणखी एक युक्ती काढली. त्याच बारा जागांत अक्षरांऐवजी थेट बिट भरायचे, म्हणजे कितीतरी मोठा आकडा मावतो. त्याच सुमारास झिप फायलींचीही ४ जीबीची मर्यादा नव्या पद्धतीने उठली.

पण टेप वीस-तीस वर्षं कपाटात राहते आणि प्रोग्राम बदलत जातात. नव्या टारने लिहिलेली १० जीबीची फाईल जुन्या टारला वाचता येईलच असं नाही. त्याला ती जादा चिठ्ठी म्हणजे वेगळीच फाईल वाटते. उलट बाजूला, ड्राइव्हही मागच्या पिढ्या सोडत चाललेत. एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या कॅसेट वाचायचे, आठवी आणि नववी पिढी फक्त एक. म्हणून शहाणी माणसं टेपच्या डबीवर तारखेबरोबर कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या पद्धतीने लिहिलं हेही लिहून ठेवतात.

आणि परत आणताना नव्याने अडायची जागा असतेच. टेपवर ५० जीबीची फाईल व्यवस्थित आहे, पण ज्या डिस्कवर उतरवायची ती फॅट३२ असेल किंवा युजरला १ जीबीची मर्यादा असेल, तर ऐन घाईच्या वेळी फाईल मध्येच तुटते. बॅकअप घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या दिशेला तो पूल लागतच नाही.

एवढं सगळं असूनही टेप गेली नाही. युरोपातली सर्न ही अणुसंशोधन संस्था प्रयोगांचा डेटा टेपवर ठेवते. २७ फेब्रुवारी २०११ ला जीमेलच्या काही युजर्सनी इनबॉक्स उघडला तर आत काहीच नाही. गुगलच्या म्हणण्याप्रमाणे एकूण युजर्सपैकी ०.०२ टक्के लोकांना फटका बसला. डेटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, पण सॉफ्टवेअरमधल्या चुकीने त्या सगळ्या प्रतींमधून मेल उडवले. टेप कपाटात, वायरपासून दूर होती, म्हणून ती चूक तिच्यापर्यंत पोचलीच नाही. गुगलने मेल टेपवरून परत आणले. थोडा वेळ लागला, पण आले.

तुमच्या कामाचं काय?

घरी टेप ड्राइव्ह कुणाकडे नसतो. पण लग्नाचा व्हिडिओ असतोच. सेकंदाला १०० मेगाबिटने काढलेला एक तासाचा फोर-के व्हिडिओ ४५ जीबीचा होतो. फॅट३२ कार्ड असलेला कॅमेरा त्याचे ४-४ जीबीचे तुकडे पाडतो. ते कॉपी करताना एखादा तुकडा राहिला तर हार टाकायचा नेमका क्षण त्यातच असायचा. म्हणून तुकडे मोजून घ्यावेत.

पेनड्राइव्ह अडत असेल तर तो 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करता येतो, मग ४ जीबीची अडचण राहत नाही. फॉरमॅट केल्यावर त्यातलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी डेटा दुसरीकडे काढून ठेवायचा. जुन्या टीव्हीला किंवा गाडीच्या म्युझिक सिस्टीमला एक्सफॅट वाचता येत नाही, तेही बघून घ्यायचं.

आणि हार्ड डिस्कवर बॅकअप घेतला की मूळ फाईल आणि प्रत यांचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते प्रॉपर्टीजमध्ये बघायचं. मग ती डिस्क काढून दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावायची, सगळ्यात मोठी फाईल उघडायची आणि शेवटची दोन मिनिटं चालवून बघायची. मूळ कार्ड पुसायचं ते त्यानंतर.